टाके घातलेला गुडघा आणि अडीच सेकंद

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा २०२५चा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू झाला. सोमवारी, ८ सप्टेंबरला रात्री (आपल्याकडे तेव्हा मंगळवारची पहाट होती), शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा क्वार्टरबॅक म्हणून जे. जे. मॅकार्थी हा बावीस वर्षांचा खेळाडू उतरला. शिकागोच्या उपनगरातच तो वाढला. २०२४च्या एप्रिलमध्ये नवोदितांच्या निवडीत व्हायकिंग्जनी त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले, त्यासाठी एक जागा वर सरकण्याची किंमतही मोजली. तरीही या लीगच्या एकाही अधिकृत सामन्यात त्याने तोवर चेंडू हातात घेतलेला नव्हता. २०२४चा अख्खा हंगाम त्याचा उजव्या गुडघ्याने खाल्ला.

एवढ्यावर थांबले असते तर ही दुखापतीतून सावरणाऱ्या आणखी एका तरुण खेळाडूची बातमी झाली असती. पण त्याच्या गैरहजेरीत सॅम डार्नॉल्ड या क्वार्टरबॅकने व्हायकिंग्जना १७ पैकी १४ सामने जिंकून दिले. २०२५च्या मार्चमध्ये संघाने त्याला सिॲटलकडे जाऊ दिले. चार वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या अ‍ॅरन रॉजर्सचे नावही तेव्हा चर्चेत होते, पण संघाने तो मार्गही धरला नाही. म्हणजे चौदा विजयांचा रोकडा हिशेब बाजूला ठेवून व्यवस्थापनाने एका न खेळलेल्या मुलावर आणि टाके घातलेल्या गुडघ्यावर पैज लावली. पैज शहाणपणाची आहे की नाही याची चर्चा तेव्हा अमेरिकेत क्रीडा पानांवर चालू होती. तिचा अर्धा भाग मात्र वैद्यकशास्त्राचा आहे, आणि उरलेल्यातला बराचसा मेंदूविज्ञानाचा.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: अमेरिकी फुटबॉलमध्ये बाजूला अकरा खेळाडू असतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो मागे सरकतो, धावणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा आहे ते हेरतो आणि फेकतो. त्या वेळी सव्वाशे-दीडशे किलो वजनाची चार-पाच माणसे त्याला आडवे करायला धावत असतात. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. प्रशिक्षक त्याच्या शिरस्त्राणातल्या ध्वनियंत्रावरून डावपेच सांगतात, पण चाळीस सेकंदांच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर तो एकटा. क्रिकेटमध्ये याला जोड सापडत नाही. कर्णधार, यष्टिरक्षक आणि सलामीचा फलंदाज एकाच माणसाने, आणि प्रत्येक चेंडूला व्हायचे, असे म्हटले तर थोडी कल्पना यावी.

मॅकार्थीच्या गुडघ्याची तारीख १० ऑगस्ट २०२४. लास व्हेगास रेडर्सविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १७ पैकी ११ फेकी अचूक टाकल्या, १८८ यार्ड मिळवले, दोन टचडाऊन केले. एक फेक प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेली, पण पदार्पण झकास झाले होते. पुढच्या दोन दिवसांत गुडघा दुखत असल्याची तक्रार त्याने केली, तपासणीत मेनिस्कस फाटल्याचे दिसले आणि १४ ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली. ज्या सामन्यात इजा झाली तो सामना खेळाडू पूर्ण करतो आणि सूज नंतर चढते, हे मेनिस्कसच्या बाबतीत नेहमीचे आहे. या कूर्चेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती फाटली तरी गुडघा लगेच फुगत नाही. अस्थिबंध तुटला की तासाभरात गुडघा टमटमीत होतो, मेनिस्कसमध्ये तो दुसऱ्या दिवशी बोलतो.

मेनिस्कस म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामधली अर्धचंद्राच्या आकाराची गादी. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. मांडीच्या हाडाचे टोक गोलसर, नडगीचा माथा सपाट; गोल भांडे सपाट ओट्यावर डळमळू नये म्हणून आपण खाली चुंबळ ठेवतो, तेच काम या गाद्या करतात. भारही त्याच वाहतात. पाय सरळ असताना सांध्यावरच्या भाराचा सुमारे निम्मा, आणि गुडघा काटकोनात वाकला की ८५ टक्क्यांपर्यंत भार त्यांच्यातून जातो. या गादीच्या फक्त बाहेरच्या काठाला, फार तर एक-तृतीयांश रुंदीला, रक्तवाहिन्या पोचतात. आतला भाग सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावर जगतो. त्यामुळे काठाशी गेलेली चीर टाके घातल्यावर भरून येऊ शकते, आतल्या काठाची सहसा येत नाही.

शल्यविशारदापुढे म्हणून दोन वाटा असतात. फाटलेला तुकडा कातरून टाकला तर खेळाडू चार ते सहा आठवड्यांत मैदानावर येतो. टाके घातले तर चार ते सहा महिने जातात. हंगाम तोंडावर असताना पहिला पर्याय किती मोहक असतो हे सांगायला नको. पूर्वी तर संपूर्ण मेनिस्कस काढून टाकणे हीच रीत होती. ती गादी शरीराला फारशी उपयोगाची नाही असेच मानले जाई. १८८३ साली एडिंबरोचे टॉमस अ‍ॅनन्डेल यांनी ती शिवून दाखवली होती, पण तो धडा कोणी फारसा गिरवला नाही. १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे पाहून लिहिले की सांध्यातली फट कमी होते आहे, हाडाचा गोलवा सपाट होतो आहे, कडेला नवे हाड वाढते आहे. म्हणजे वीस-पंचविशीतल्या माणसाच्या गुडघ्यात म्हातारपणाची झीज. तरीसुद्धा गादी वाचवायची, हा विचार रुळायला पुढची काही दशके लागली. बास्केटबॉलमधल्या ड्वेन वेडचे उदाहरण अमेरिकेत अजून दिले जाते. २००२ साली, महाविद्यालयात असताना त्याच्या गुडघ्यातला मेनिस्कस काढला गेला. तो लवकर परतला, मोठा खेळाडू झाला, आणि उरलेली कारकीर्द त्याच गुडघ्यांशी झुंजत राहिला.

मॅकार्थीच्या बाबतीत गुडघ्यात दुर्बीण घातल्यावर गादी पूर्ण शिवण्याचा निर्णय झाला आणि त्याच दिवशी त्याचा हंगाम संपला. हा निर्णय चांगला होता. एकविशीतल्या माणसाच्या पुढच्या पंधरा वर्षांसाठी त्याचे एक वर्ष खर्ची घातले गेले. ज्या उद्योगात प्रशिक्षकाची नोकरी सतरा सामन्यांच्या निकालावर टिकते, तिथे असा हिशेब दरवेळी होत नाही.

शिवलेला मेनिस्कस मात्र 'दुरुस्त झाला' असे एकदाचे प्रमाणपत्र देता येत नाही. पाच वर्षांहून जास्त काळ रुग्णांचा पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत साधारण पाचांतल्या एका शिवणीने दगा दिल्याचे दिसते. त्यातला मोठा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांतला असतो. म्हणजे त्या सोमवारी जो गुडघा मैदानात उतरला तो धोक्याच्या काळाच्या मध्यावर होता. उलट बाजूने वाचायचे तर पाचांपैकी चार टिकतात, आणि जगातले उत्तम पुनर्वसन हाताशी असलेल्या खेळाडूची शक्यता या सरासरीहून थोडी बरीच धरायला हवी.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये मध्येच एक अडचण आली होती. गुडघ्याला सूज राहिल्याने त्याच्यावर आणखी एक छोटी प्रक्रिया झाली आणि 'बायोलॉजिक' इंजेक्शन दिले गेले. अशा इंजेक्शनांचा गवगवा मोठा आहे; आपल्याकडेही शहरांत 'स्वतःच्याच रक्तातून गुडघ्यावर इलाज' असे फलक लागले आहेत. मेनिस्कसच्या शिवणीत त्यांनी नक्की किती फरक पडतो याचे पुरावे मात्र एका दिशेला बोट दाखवत नाहीत. इंजेक्शनापेक्षा त्या सुजेकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ज्याला आपण 'गुडघ्यात पाणी झाले' म्हणतो, ते पाणी थोडे असले तरी मांडीच्या पुढच्या स्नायूंना जाणारे चेतासंदेश आखडते होतात. शरीर जणू स्वतःच त्या सांध्याचा वापर कमी करते. त्यात सुरुवातीचे कित्येक आठवडे कुबड्या आणि भार न टाकण्याची शिस्त. मांडी बघता बघता बारीक होते, आणि दोन आठवड्यांत गेलेला स्नायू परत आणायला दोन महिने घाम गाळावा लागतो. मॅकार्थीचे वजन त्या काळात बरेच उतरले होते, ते त्याने २०२५मध्ये भरून काढले.

गुडघा उजवा आहे, याचाही विचार हवा. मॅकार्थी उजव्या हाताने फेकतो. फेकीची ताकद खांद्यात जन्मत नाही, ती जमिनीतून वर येते: मागचा पाय रोवला जातो, जोर मांडीतून कमरेत, कमरेतून धडात आणि शेवटी हातात चढतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा मागचा पाय उजवा. मागे सरकून पाऊल रोवण्याच्या क्षणी सगळा भार आणि थोडी पीळ याच गुडघ्यावर येते. तिथे विश्वास कमी पडला तर फेकणारा नकळत पाय चोरतो, ती तूट खांद्याने भरून काढायला बघतो आणि चेंडू उंच जातो. वेगवान गोलंदाजांच्या पुढच्या पायाबद्दल जे आपण जाणतो तेच इथे मागच्या पायाबद्दल. दुखापतीनंतरची ही भीती मोजायला आता प्रश्नावल्या आहेत, आणि स्नायूंची ताकद पूर्ववत झालेल्या खेळाडूंतही ती उरलेली आढळते. मॅकार्थी सामन्याआधी गोलच्या खांबाला टेकून ध्यानाला बसतो, याची छायाचित्रे महाविद्यालयीन काळापासून प्रसिद्ध आहेत. ध्यानाने फेक अचूक होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. अस्वस्थता थोडी उतरते, एवढे म्हणण्याइतका पुरावा आहे. भीती जाण्याचा भरवशाचा उपाय एकच दिसतो, तो म्हणजे त्या पायावर टप्प्याटप्प्याने भार टाकत राहणे आणि काही होत नाही हे शरीराला पटू देणे.

२०२५च्या उन्हाळ्यात नेमकी इथे कंजुषी झाली. सराव शिबिरात क्वार्टरबॅकला लाल जर्सी घालतात, तिला हात लावायचा नसतो. ऑगस्टच्या सराव सामन्यांत त्याला एकाच डावाइतके, जेमतेम काही फेकींपुरते खेळवले. आदल्या वर्षी सराव सामन्यातच गुडघा गेला असल्याने व्यवस्थापनाचा हात आखडता असणे समजू शकते. पण परिणाम असा की वर्षभराहून जास्त काळानंतर पहिला खरा दणका या शरीराला त्या सोमवारी बसणार होता. दुखापत टाळण्यासाठी भार टाळला, तर भार पेलण्याची क्षमताही वाढत नाही. या दोहोंमधली रेषा कुठे ओढायची याचे सूत्र क्रीडावैद्यकाकडे अजून नाही, पण एक डाव म्हणजे तोकडाच.

आता डोक्याकडे. डोळ्याला काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत निरोगी तरुणाला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि यात सरावाने फारसा फरक पडत नाही. अडीच सेकंदांत अकरा प्रतिस्पर्ध्यांची हालचाल एकेक करून तपासणे म्हणूनच अशक्य आहे. कसलेला क्वार्टरबॅक ते करतही नाही, तो आकृती ओळखतो. बुद्धिबळावरचे १९७३चे चेस आणि सायमन यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी पुन्हा मांडतो, पण सोंगट्या कशाही विखुरल्या तर त्याची स्मृती नवशिक्याच्या पातळीवर येते. त्याची स्मरणशक्ती मोठी नसते, त्याच्याकडे साठवलेल्या आकृत्या मोठ्या असतात. फलंदाजही ताशी १४० किलोमीटरचा चेंडू निव्वळ बघून खेळत नाही. गोलंदाजाचा हात आणि मनगट यांवरून चेंडू सुटण्याआधीच अंदाज बांधतो.

या आकृत्या कशा जमतात? पाहून थोड्या, करून अधिक. २०२४मध्ये मॅकार्थी संघाच्या बैठकांना बसत होता, डावपेच घोटत होता, डार्नॉल्डचा खेळ जवळून पाहत होता. मनातल्या मनात केलेल्या सरावाचा उपयोग होतो हे प्रयोगांनी दाखवले आहे. काहीच न करण्यापेक्षा तो चांगला, प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी. पोहण्याची पुस्तके वाचलेल्या माणसाने विहिरीत उडी मारण्यासारखे ते नाही. काठावर वर्षभर बसून पट्टीच्या पोहणाऱ्यांना पाहिलेल्याने उडी मारण्यासारखे आहे. त्यात मिशिगन विद्यापीठाकडून खेळताना तो २८ पैकी २७ सामने जिंकला आणि २०२४च्या जानेवारीत राष्ट्रीय विजेताही झाला, पण तो संघ धावून खेळणारा होता. २०२३च्या पूर्ण हंगामात त्याच्या वाट्याला ३३२ फेकी आल्या. त्यातल्या ७२ टक्क्यांवर अचूक, हे खरेच. तरी आकृत्यांचा साठा त्याच्या निवडवर्षातल्या काही स्पर्धकांपेक्षा लहान राहिला, आणि दुखापतीने त्यात वर्षाची भर पडू दिली नाही.

मेंदू पंचविशीपर्यंत पक्व होत नाही, असा युक्तिवाद अशा वेळी हमखास निघतो. निर्णय आणि आवर यांच्याशी संबंधित अग्रखंडातले बदल विशीच्या मध्यापर्यंत चालू असतात हे खरे आहे, पण वाढदिवसाच्या दिवशी उघडणारे ते दार नव्हे. बाविसाव्या वर्षी यशस्वी झालेले क्वार्टरबॅक आहेत आणि तिशीत गोंधळलेलेही. चाचण्यांनी तरी हे आधी कळावे, तर तेही नाही. काही सेकंदांत दृश्य टिपण्याची, विचलित न होण्याची क्षमता मोजणारी 'एस टू' नावाची संगणकीय चाचणी निवडीआधी घेतली जाते. २०२३ मध्ये तिचे फुटलेले निकाल माध्यमांत आले, त्यांनुसार ब्राइस यंगचा शतमक ९८ होता आणि सी. जे. स्ट्राउडचा १८. त्याच वर्षी स्ट्राउड सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला आणि पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला यंग दोन विजयांवर थांबला. एका जोडीवरून चाचणी मोडीत काढू नये. पण तिच्या भरवशावर कोट्यवधी डॉलर लावणाऱ्यांनी तो निकाल चौकटीत लावून ठेवायला हरकत नाही.

'एक वर्ष बाकावर बसल्याने फायदाच होतो' हे मॅकार्थीच्या बाजूने सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य. दाखला पॅट्रिक महोम्सचा: २०१७ जवळजवळ पूर्ण बाहेर, २०१८ मध्ये थेट लीगचा सर्वोत्तम खेळाडू. रॉजर्स तीन वर्षे बसला होता. रुग्णांचे आकडे हाताळणाऱ्याला इथे लगेच खटकते. बसून यशस्वी झालेल्यांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत. बसले आणि नंतरही चमकले नाहीत, त्यांची कोण आठवण ठेवतो? २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला ट्रे लान्स पहिले वर्ष बहुतांशी बसला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला, आणि त्याची जागा ब्रॉक पर्डी या निवडीतल्या अगदी शेवटच्या, २६२व्या खेळाडूने घेतली. शिवाय ज्या संघाकडे आधीच चांगला क्वार्टरबॅक आणि चांगला प्रशिक्षक असतो, त्यालाच नवोदिताला बसवून ठेवणे परवडते. मग यश बसण्याचे की त्या संघाचे? ज्यांना आयसीयूत ठेवले जाते त्यांच्यात मृत्यू जास्त होतात म्हणून आयसीयू घातक ठरत नाही. तिथे कोण जाते हे आधी पाहावे लागते. इथे उलट्या बाजूने तीच गफलत आहे. आणि मॅकार्थीचे बसणे महोम्ससारखे नव्हतेच. महोम्स रोज चेंडू फेकत होता, हा कुबड्यांवर होता.

संघाचा मुद्दा मात्र भक्कम आहे आणि त्याचा उत्तम पुरावा खुद्द डार्नॉल्ड आहे. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. न्यूयॉर्क जेट्सकडून पहिल्याच आठवड्यापासून खेळला आणि तीन वर्षांत १३ विजय, २५ पराभव. लोकांनी त्याच्यावर काट मारली. तोच माणूस मिनेसोटात आला आणि १४ सामने जिंकला. मेंदू तोच, हात तोच, बदलला तो परिसर. व्हायकिंग्जचे प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल स्वतः क्वार्टरबॅक होते. तरुण क्वार्टरबॅक संघाला निराश करण्याआधी संघच त्यांना निराश करतात, असे त्यांचे मत आहे. डार्नॉल्डने ते आधीच सिद्ध केले. अर्थात परिसर बिघडला की काय होते तेही त्याने दाखवले. २०२५च्या जानेवारीत बाद फेरीत रॅम्सविरुद्ध त्याला नऊ वेळा आडवे पाडले गेले आणि संघ ९-२७ असा हरला.

या नऊ पाडावांकडे व्यवस्थापनाने गांभीर्याने पाहिलेले दिसते. क्वार्टरबॅकपुढची भिंत मजबूत करण्यासाठी रायन केली आणि विल फ्राइज या अनुभवींना आणले, पहिल्या फेरीत डोनोव्हन जॅक्सनला घेतले. मॅकार्थीच्या गुडघ्यासाठी कोणत्याही इंजेक्शनापेक्षा हा इलाज अधिक मोलाचा आहे. पण या भिंतीतला महत्त्वाचा खेळाडू ख्रिश्चन डॅरिसॉ स्वतः २०२४च्या ऑक्टोबरमधल्या गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून बाहेर येत होता. संघाचा हुकमी झेलकरी जस्टिन जेफरसन मांडीच्या मागच्या स्नायूच्या ताणामुळे शिबिराचा मोठा भाग बाहेर होता, दुसरा झेलकरी जॉर्डन अ‍ॅडिसन पहिल्या तीन सामन्यांसाठी निलंबित होता. आकृती ओळखण्याबद्दल वर लिहिले, त्यातला निम्मा भाग आपल्याच झेलकऱ्याचे पाऊल कधी वळेल याचा असतो. तो एकत्र खेळूनच येतो, आणि तसे दिवस कमी मिळाले.

मैदानाचाही प्रश्न आहे. व्हायकिंग्जचे घरचे मैदान छताखालचे, कृत्रिम हिरवळीचे. २०१२ ते २०१६ या पाच हंगामांतल्या लीगच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा कृत्रिम हिरवळीवर पायाच्या दुखापती नैसर्गिक गवतापेक्षा १६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. बूट गवतात अडकला तर गवत उपटले जाते. प्लास्टिकमध्ये अडकला तर घोटा किंवा गुडघा वळतो. खेळाडूंची संघटना गवताची मागणी करत आली आहे, पण मालकांना एकाच छताखाली गाण्याचे कार्यक्रमही करायचे असतात.

आपल्याकडच्या रुग्णालयांत हेच मेनिस्कस रोज दिसतात, कबड्डीच्या मैदानातले, तालमीतले, दुचाकी घसरल्याचे. चीर तीच, शस्त्रक्रियेचे ज्ञानही तेच. फरक पडतो तो वेळेत. मॅकार्थीवर चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. तालुक्यातला कबड्डीपटू आधी चोळून घेतो, मग पट्टा बांधून दोन स्पर्धा खेळतो, गुडघा अडकून बसू लागला की सहा-आठ महिन्यांनी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येतो. तोवर चिरेचे झुंबर झालेले असते, शिवण्यासारखे काही उरत नाही. जिथे शिवता येते तिथे पुढचा पेच असा की सहा आठवडे पायावर भार नको आणि कित्येक महिने उकिडवे बसणे नको, मांडी घालणे नको. हातावर पोट असलेल्याला आणि देशी शौचालय असलेल्या घराला ही पथ्ये सांगणे सोपे, पाळणे कठीण. फिजिओथेरपीला रोज यायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. मग तुकडा कातरून मोकळे होण्याकडे कल जातो, आणि पन्नाशीत तोच माणूस सांधेबदलाच्या रांगेत दिसतो. शस्त्रक्रियेच्या यशाचे आकडे वाचताना त्यामागचे सहा महिने कोणी पोसले, हे पाहिलेच पाहिजे.

मॅकार्थीच्या पुढ्यात काय होते? १४ विजयांची अपेक्षा त्याच्यावर लादणे चुकीचे ठरले असते, आणि त्याचा त्याच्या कुवतीशी संबंध नव्हता. अटीतटीचे सामने जिंकण्यात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि नशीब दरवर्षी तेवढेच पिकत नाही. २०२२ मध्ये याच संघाने एका चढाईच्या फरकाचे अकराच्या अकरा सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सच्या टाचेमागची शीर ऑक्टोबरमध्ये तुटली आणि संघ ७-१० वर आला. २०२५मध्ये दहा विजय मिळाले असते तरी त्याची घसरण न म्हणता सरासरीकडे परतणे म्हणावे लागले असते. गुडघा टिकण्याची शक्यता टिकणार नाही यापेक्षा बरीच मोठी होती. खेळ मात्र पहिले आठ-दहा सामने वर-खाली होणार, एखाद्या रविवारी तो सिद्धहस्त वाटेल आणि पुढच्या रविवारी भांबावलेला, अशी चिन्हे होती. तेवढ्यावरून निकाल देणारे दोन्हीकडचे लोक तोंडावर पडण्याचा संभव होता. सगळ्यात मोठी चिंता त्या गुडघ्याहून बाकीच्या शरीराची होती. आधी झालेली दुखापत हे पुढच्या दुखापतीचे ठळक भाकीत असते, आणि ती पुढची दुखापत त्याच सांध्याला होते असे नाही. पाय चोरणारा घोट्यात मुरगळतो, उशिरा निर्णय घेणारा डोक्यावर आपटतो. मॅकार्थी पळण्यात चपळ आहे आणि पळायला त्याला आवडते. पहिल्या वर्षी त्याला घसरून खाली बसायला शिकवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे, आणि ते लांब फेक शिकवण्याहून अवघड.

संघालाही हे कळत असावे. २०२५च्या ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी राखीव क्वार्टरबॅक बदलून कार्सन वेन्ट्झला घेतले. २०१७ मध्ये फिलाडेल्फियाकडून खेळताना हा वेन्ट्झ लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानाजवळ पोचला होता. डिसेंबरमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले, संघाने त्याच्या राखीव खेळाडूला घेऊन विजेतेपद मिळवले, आणि वेन्ट्झला ती उंची पुन्हा गाठता आली नाही. तेव्हा तो एका बावीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागे उभा होता.

वेळापत्रकही सोपे नव्हते. सोमवारच्या सामन्यानंतर सहाच दिवसांनी घरच्या कृत्रिम हिरवळीवर अटलांटा, मग सिनसिनाटी, २८ सप्टेंबरला डब्लिनमध्ये पिट्सबर्ग आणि ५ ऑक्टोबरला लंडनमध्ये क्लीव्हलँड. चार आठवड्यांत पाच सामने, मध्ये अटलांटिकपार विमानप्रवास, बिघडलेली झोप आणि तासन्‌तास वाकून बसलेला गुडघा. त्यानंतर एका आठवड्याची विश्रांती होती. त्याची प्रकृती जोखायची तर सामन्यातल्या फेकींपेक्षा सामन्यानंतरचे दोन दिवस पाहावेत. बुधवारी तो सरावाला पूर्ण वेळ उभा होता का, गुडघ्याला पट्टी होती का, आणि संघाच्या दुखापतींच्या यादीत त्याच्या नावापुढे काय लिहिले होते, हे लीगच्या नियमाने दर आठवड्याला जाहीर होते.